दोष कोठें आहे?

घरीं पाहुणे आले म्हणजे चहा पुढें येईपर्यंत मुलांची विचारपूस व्हावयाची, हा आपल्या कुटुंबांतला जुनाच परिपाठ आहे. गेल्या दिवाळींत आमच्याकडे असेच एक दूरचे आप्त आले होते. आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलाकडे पाहून त्यांनीं विचारलें, "हा काय करतो?" आमच्या भावजयबाईंनीं लगबगीनें उत्तर दिलें, "कंपनींत इंजिनिअर आहे." मुलगा जवळच फराळाचीं ताटें मांडीत होता. तो शांतपणें म्हणाला, "इंजिनिअर नाहीं, काका. मेंटेनन्सला आहें. बंद पडलेलीं यंत्रें चालू करतों." पाहुण्यांनीं "असें का!" म्हटलें आणि ते चकलीच्या खुसखुशीतपणाकडे वळले.

प्रसंग तेवढाच, परंतु खरें सांगावयाचें तर त्या क्षणीं आमच्याहि मनास थोडें खट्ट झालें. ज्या घरांत तीन पिढ्या शिक्षकी पेशा चालत आला, ज्या घरचीं मोठीं मुलें पदव्या घेऊन परमुलखीं गेलीं, त्या घरांतला हा एक मुलगा तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन हातांत स्क्रू-ड्रायव्हर धरतो, हें आम्हांस कोठें तरी सलत होतें. आमचें स्वतःचें शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. बाकी भांडवल काय तें वडिलांपाशीं झालेल्या संस्कृताच्या अभ्यासाचें. तेव्हां यंत्राविषयीं बोलण्याचा अधिकार आम्हांस मुळींच नाहीं. परंतु गेलें वर्षभर रात्रीच्या जेवणानंतर हा मुलगा ओसरीवर बसून आपल्या कामाच्या गोष्टी सांगत आला, आणि ऐकतां ऐकतां आम्हांस असें आढळलें कीं, ज्या विद्येस आपण हाताची कारागिरी म्हणून हिणवितों ती वस्तुतः विचाराची विद्या आहे. आमच्या वाचकांच्या घरींहि असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांच्याकरितां ही हकीकत लिहीत आहों.

पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतींत त्याचा कारखाना आहे. तेथें खाद्यपदार्थ पिशव्यांत भरणें, तापलेल्या जबड्यांनीं पिशव्यांचीं तोंडें चिकटविणें आणि त्या उचलून खोक्यांत रचणें, हीं सर्व कामें यंत्रें करतात. पिशवी भरली कीं नाहीं, जबडा कधीं मिटावा, पट्टा कधीं थांबावा, हें ठरविणारा एक लहानसा डबा लोखंडी कपाटांत बसविलेला असतो. त्यास पी. एल. सी. म्हणतात, हव्या त्या आज्ञा लिहून ठेवतां येतील असा नियंत्रक, एवढाच त्या नांवाचा अर्थ.

हा नियंत्रक आमच्याच आयुष्यांत जन्मास आला. पूर्वीं हें काम रिले नांवाच्या विजेच्या खटक्यांकडून होत असे. एका खटक्यानें दुसरा ओढावयाचा, दुसऱ्यानें तिसरा. असे शेंकडों खटके भिंतभर कपाटांत बसविलेले असत. मोटारीचा नमुना बदलला कीं त्यांच्या तारा सोडून पुन्हां नव्यानें जोडाव्या लागत. १९६८ सालीं अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागानें या जंजाळास पर्याय मागितला, आणि डिक मोर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तयार केलेला नियंत्रक १९६९ सालीं पुढें आला. त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्स या संस्थेचें तें ८४ वें काम, म्हणून त्यास 'मोडिकॉन ०८४' असें नांव पडलें.

यांतली एक गोष्ट आम्हांस फार आवडली. कारखान्यांतील वीजकाम जाणणारे लोक रिलेचीं चित्रें वाचण्यास सरावलेले होते. दोन बाजूंस दोन उभ्या रेघा आणि मध्यें आडव्या पायऱ्या, असें तें शिडीसारखें चित्र. या लोकांस अगदींच परकी भाषा शिकावी लागूं नये म्हणून तें चित्रच नियंत्रकाची भाषा म्हणून कायम ठेवलें. तिला आजहि 'लॅडर' म्हणतात. १९९३ सालीं अशा भाषांचें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें, त्यांतहि ही शिडी आहेच. नवें आणतांना जुन्या जाणकारांस टाकून न देण्याचें हें शहाणपण इतर क्षेत्रांतहि घेण्यासारखें आहे.

नियंत्रकाची रीत आपल्या घरांतील वडील माणसासारखी आहे. दिवेलागणीस आजी सर्व घरभर फिरून कोण आलें, कोण यावयाचें आहे, मागचें दार लागलें कीं नाहीं, हें पाहून घेते. मग मनाशीं विचार करते. आणि मग ज्याला जें सांगावयाचें तें सांगते. नियंत्रकहि प्रथम सर्व बटणांची व सेन्सरांची स्थिति टिपून घेतो, मग शिडी वरून खालीं वाचतो, शेवटीं मोटारींस व झडपांस आज्ञा देतो, आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ करतो. भेद इतकाच कीं, आजीची फेरी दिवसांतून एकदां. याची एकेक फेरी बहुधा कांहीं मिलिसेकंदांत पुरी होते.

आतां शिकण्याविषयीं. आमची समजूत अशी होती कीं, मुलगा कामावर लागतांच त्यास संगणक देऊन आज्ञा लिहावयास बसवीत असतील. प्रत्यक्षांत पहिला महिनाभर त्याच्या हातीं संगणक दिलाच नाहीं. तेथील एका वयस्क फोरमननीं त्याच्यापुढें एक मल्टिमीटर आणि जोडणीच्या नकाशांचें मळकट बाड ठेवलें व सांगितलें, "आधीं दिवे वाचायला शीक."

या नियंत्रकांवर आंत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तारांच्या जोडणीपाशीं बारीक दिवे असतात. सेन्सरासमोर पिशवी आली म्हणजे आंतल्या बाजूचा दिवा लागावयास हवा. झडपेस आज्ञा गेली म्हणजे बाहेरच्या बाजूचा लागावयास हवा. समजा, पिशवी ढकलणारा दांडा हालत नाहीं. बाहेरचा दिवा लागलेला असेल तर नियंत्रकानें हुकूम दिला असें धरून प्रथम पुढें पाहावें: तारेंत, रिलेंत, झडपेंत किंवा हवेच्या नळींत. तो लागलेलाच नसेल तर मागें वळावें: सेन्सरास पिशवी दिसते काय? दिसत असेल तर ती वार्ता डब्यापर्यंत पोंचते काय? पोंचत असेल तर शिडीच्या कोणत्या पायरीवर अडते? सारांश, सांखळीच्या मधोमध उभें राहून विचारावें कीं, दोष माझ्या उजवीकडे कीं डावीकडे? १६ दुव्यांची सांखळी असली आणि एकच दुवा तुटला असला तर अशा चार प्रश्नांत तो हातीं लागतो. ज्यास ही रीत ठाऊक नाहीं तो एका टोकापासून एकेक वस्तु बदलीत सुटतो, आणि दिवस व पैसा दोन्ही घालवितो. बहुतेक वेळां खुद्द डबा निर्दोषीच असतो. मळलेला सेन्सर, सैल पडलेला स्क्रू किंवा खालावलेला २४ व्होल्टचा पुरवठा हे खरे अपराधी असतात.

एकदां त्याच्या कारखान्यांतील खोकीं रचणारा यांत्रिक हात दिवसांतून पांच-सहा वेळां आपोआप थांबूं लागला. पुन्हां चालू केला कीं चाले. एकानें सेन्सर बदलला. दोन तास सुरळीत गेले. सर्वांनीं निष्कर्ष काढला कीं, सेन्सरच वाईट होता. तिसऱ्या तासास हात पुन्हां थांबला. पुन्हां नवा सेन्सर, पुन्हां तीच कथा. हें ऐकून आम्ही म्हणालों, "अरे, हा तर काकतालीय न्याय! कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, म्हणून कावळ्यानें पाडलें असें म्हणावयाचें काय?" तो हंसून म्हणाला, "नाना, तसेंच झालें होतें. सेन्सर बदलतांना तार हालली, म्हणून थोडा वेळ चाललें."

त्यानें काय केलें? कांहीं न बदलतां अर्धा दिवस वही घेऊन यंत्रापाशीं उभा राहिला आणि प्रत्येक थांबण्याच्या वेळीं हात कोठें होता तें लिहीत गेला. हात पलीकडच्या टोकास गेला असतांनाच सेन्सराचा दिवा विझे. हात मध्यावर असतां तो कितीहि वेळ विझत नसे. आमच्या नैयायिकांनीं यासच अन्वय-व्यतिरेक म्हटलें आहे. अमुक असतां तमुक असतें हा अन्वय. अमुक नसतां तमुक नसतें हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्याखेरीज कारण ठरवूं नये. हाताबरोबर वांकणाऱ्या तारेचें वरचें आवरण शाबूत होतें, पण आंतलें तांबें तुटलेलें होतें. हात टोकास गेला कीं तीं दोन टोकें अलग होत आणि परत आला कीं एकमेकांस टेकत. अन्वय-व्यतिरेकाचें लक्षण आम्हीं मुलांकडून वर्षानुवर्षें पाठ करून घेतलें. परंतु त्यानें तुटलेली तार सांपडते हें आम्हीं त्यांस कधीं सांगितलें नाहीं, कारण तें आम्हांसहि ठाऊक नव्हतें.

दुसरी एक गोष्ट त्यानें आम्हांस प्रश्न घालून शिकविली. "नाना, यंत्र थांबविण्याचें बटण दाबलें म्हणजे वीज वाहूं लागावी, कीं वाहती वीज तुटावी?" आम्ही दारावरच्या घंटेचा दाखला मनांत धरून म्हणालों, "वाहूं लागावी." त्यावर तो म्हणाला, "आणि तार उंदरानें कुरतडली असली तर?" तेव्हां आम्ही निरुत्तर झालों. म्हणून थांबविण्याच्या बटणांतून वीज सदैव वाहती ठेवतात. बटण दाबा, तार तुटो, स्क्रू सैल होवो. वीज गेली कीं यंत्र थांबलेंच पाहिजे. आणीबाणीचें लाल बटण तर साध्या नियंत्रकाच्या भरंवशावर न सोडतां खास सुरक्षेसाठीं केलेल्या वेगळ्या रिलेमार्फत किंवा तशाच खास नियंत्रकामार्फत जोडतात.

तापमान सांगणाऱ्या उपकरणांतहि हीच युक्ति आहे. ० ते २०० अंशांचें माप असेल तर तें ४ ते २० मिलिअँपिअर इतक्या प्रवाहानें कळवितात. प्रवाह १२ असेल तर १०० अंश समजावयाचे. शून्य अंशास शून्य प्रवाह कां ठेवला नाहीं? कारण मग "भट्टी थंड आहे" आणि "तार तुटली आहे" या दोन वार्तांत भेद राहिला नसता. आतां ४ आला तर भट्टी थंड. कांहींच आलें नाहीं तर निरोप्याच नाहींसा झाला. वैशेषिकांनीं अभाव हा सातवा पदार्थ मानिला, त्याची आम्ही विद्यार्थिदशेंत थट्टा करीत असूं. जें नाहींच त्याची गणना कसली करावयाची? कारखान्यांत त्या अभावावर माणसांचे हात-पाय अवलंबून असतात, हें आम्हांस या वयांत समजलें.

ओसरीवरच्या या शाळेंत शिक्षकाची जागा एकदां आम्हांसहि मिळाली. एके दिवशीं तो कोड्यांत पडून आला. शिडीच्या वरच्या पायरीवर दिवा लावण्याची आज्ञा होती, तिच्या अटीहि पुऱ्या झालेल्या होत्या, तरी दिवा लागत नव्हता. शोध घेतां खालीं दुसऱ्या पायरीवर त्याच दिव्यास दुसऱ्या अटीवर आज्ञा दिलेली सांपडली. बहुतेक नियंत्रकांत अशा वेळीं शेवटीं वाचलेल्या पायरीचा निकाल टिकतो. आम्ही म्हणालों, "पाणिनीनेंहि असाच एक नियम घालून दिला आहे. दोन तुल्यबल सूत्रांचा विरोध आला तर अष्टाध्यायींतील क्रमानें पुढचें सूत्र चालवावें." हें ऐकून पोराचे डोळे चमकले. पाणिनीस पी. एल. सी. अवगत होता असें म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाहीं. नियमांची लांबच लांब माळ जो कोणी रचील त्यास ही अडचण येणारच, मग तो शालातुरचा असो वा मॅसॅच्युसेट्सचा.

येथवर सर्व गोड झालें. आतां ज्या प्रसंगामुळें हें लिहावयास बसलों तो सांगतों.

मार्गशीर्षांत एके दिवशीं तो रात्रपाळी करून सकाळीं घरीं आला तो चेहरा उतरलेला. तापलेल्या जबड्यांपुढें एक संरक्षक दार असतें. दार उघडें असतां जबडे चालूं नयेत म्हणून त्यास स्विच असतो. रात्रीं यंत्र थांबलें. पडद्यावर "दार उघडें" अशी सूचना आली. दार तर बंद दिसत होतें. पाळीवरच्या वरिष्ठांनीं सांगितलें, "स्विच बिघडलाय. सकाळपर्यंत वायर मारून बायपास कर, माल अडलाय." तारेचा एक तुकडा दोन टोकांस जोडला कीं नियंत्रकास दार सदैव बंदच भासणार. साध्या सेन्सराच्या बाबतींत तर तारहि लागत नाहीं. संगणकावरून 'फोर्स' करतां येतें, म्हणजे नियंत्रकास बळेंच खोटें पढवितां येतें. मुलानें नकार दिला. नवा स्विच भांडारांत नव्हता. यंत्र तीन तास उभें राहिलें. वरिष्ठ नको तें बोलले. मुलाची नोकरी अद्याप कायम झालेली नाहीं, याचीहि त्यांनीं आठवण करून दिली.

हें ऐकून आम्ही काय म्हणालों तें लिहितांना लाज वाटते, परंतु लिहिलें पाहिजे. आम्ही म्हणालों, "वरिष्ठांचें ऐकावयास हवें होतें. एका रात्रीचा तर प्रश्न होता." बंधूंनींहि मान डोलावली. भावजयबाई पोळ्या लाटीत होत्या. त्यांनीं हात न थांबवितां विचारलें, "त्या जबड्यांपाशीं काम कोण करतं?" मुलगा म्हणाला, "एक मदतनीस आहे. चिकटलेलं प्लास्टिक हातानं काढतो. माझ्याच वयाचा आहे." त्यानंतर स्वयंपाकघरांत कोणीच कांहीं बोललें नाहीं.

पुढची हकीकत मुलानेंच दुसऱ्या दिवशीं सांगितली, आणि तींत आपली चूक लपविली नाहीं. सकाळीं ते वयस्क फोरमन आले. त्यांनीं मीटर काढलाच नाहीं. दाराला खांदा लावून तें थोडें उचललें, आणि सूचना नाहींशी झाली. बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार खालीं लोंबलें होतें, त्यामुळें स्विचाची जीभ खाचेंत पुरती बसत नव्हती. दहा मिनिटांचें काम. मुलगा म्हणाला, "नाना, तीन तास मी स्विच आणि तारा मोजत बसलों, दाराकडे पाहिलंच नाहीं. स्विच खोटं बोलतोय असं मीहि धरूनच चाललों होतों. तो खरंच सांगत होता. दार पुरतं लागलं नव्हतं."

त्या दिवसापासून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, या विद्येचें सार या एका गोष्टींत आहे. दोषाची सूचना ही साक्ष आहे. साक्षीदार अप्रिय बोलला म्हणून त्याचें तोंड दाबावयाचें नसतें. तो काय पाहून बोलतो तें आधीं जाऊन पाहावयाचें असतें. बिघाड शोधणें आणि बिघाडाची तक्रार बंद करणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षां नेहमीं सोपी असते. घरांतहि आपण हेंच करीत नाहीं काय? एखादें मूल अडतें, एखादी सून गप्प होते, आणि आपण कारण न शोधतां वरून तारेचा तुकडा जोडून गाडें चालू ठेवतों.

ज्यांच्या घरचीं मुलें या वाटेनें जाऊं इच्छितात त्यांस मुलाच्या सांगण्यावरून चार गोष्टी सुचवितों. पहिला धडा सुरक्षेचा. हात घालण्यापूर्वीं वीज तोडावी, स्विचास आपलें कुलूप व नांवाची चिठ्ठी लावून किल्ली आपल्या खिशांत ठेवावी, कोंडलेली हवा सोडून द्यावी, आणि वीज गेल्याची मीटरनें खात्री करावी. दुसरा धडा नकाशा वाचण्याचा व मीटर धरण्याचा. शिडीची भाषा त्यानंतर. ती शिकण्यास महागडें यंत्र लागत नाहीं, 'ओपन पी. एल. सी.' सारखीं फुकट मिळणारीं साधनें घरच्या संगणकावर चालतात. तिसरें, यंत्रांतील आज्ञांची प्रत तारीख घालून जपून ठेवावी. पुष्कळ जुन्या नियंत्रकांत स्मृति एका लहान बॅटरीवर टिकते. बॅटरी संपून वीजहि गेली तर सर्व पाठ विसरतो. चौथें, एका वेळीं एकच बदल करावा, आणि केलेला प्रत्येक बदल वहींत लिहावा.

आणि पडद्यावर जें दिसतें तें प्रत्यक्षाशीं ताडून पाहावें. २०१० सालीं उघडकीस आलेल्या स्टक्सनेट नांवाच्या घातकी आज्ञावलीनें इराणांतील नतान्झ येथील यंत्रांचे नियंत्रक बिघडविले होते, आणि तसें करतांना देखरेख करणाऱ्यांस सर्व ठीक असल्याचे जुनेच आंकडे दाखविण्याची योजना तींत होती. साक्षीदार फितूर होऊं शकतो तो असा. कोणाचीहि पेन-ड्राइव्ह कारखान्याच्या संगणकास लावूं नये, हा त्यांतला साधा बोध.

असो. मुलाची नोकरी कायम झाल्याचा कागद हें लिहीपर्यंत आलेला नाहीं. तो येईल कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येत नाहीं. मुलगा रोज वेळेवर कामास जातो, आणि त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यानें लिहून ठेवलें आहे: "आधीं दार पाहा." संक्रांतीच्या हळदीकुंकवास आलेल्या एका बाईंनीं भावजयबाईंस विचारलें, "मुलगा काय करतो हो तुमचा?" आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होतों, कान मात्र आंत होते. भावजयबाई म्हणाल्या, "कारखान्यांत यंत्रं बंद कां पडलीं तें शोधून काढतो." मग तिळगूळ हातावर ठेवीत त्यांनीं आणखी एक वाक्य जोडलें. "आणि चालू करण्यासारखीं नसलीं तर करत नाहीं."